दोन लाख युनिटचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी अडीच वर्षांची. गेल्या आठवड्यात तिला व्हिटॅमिन एचा दोन लाख युनिटचा डोस पाजला. घरी आल्यावर आईनं रोजच्या मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीवरचा आकडा वाचला, तो निघाला 1,000 युनिट. म्हणजे दोनशे पट! त्यात त्या रात्री मुलगी दोनदा ओकली, सकाळी मात्र ठणठणीत होती. ती रोज गाजर खाते, तर मग हा डोस हवाच कशाला? तिच्या चार महिन्यांच्या भावाला डोस द्यायला नकार दिला, तो का? आणि वडिलांनी विचारलंय की घरात सगळ्यांना चष्मा आहे, या डोसनं मुलीचा नंबर टळेल का?

सोपं आधी उरकतो. नंबर टळणार नाही. चष्म्याचा नंबर हा बहुतेक वेळा डोळ्याच्या लांबीचा आणि आकाराचा मामला आहे, त्यात व्हिटॅमिन एचा काही हात नाही. गाजरानं नजर तीक्ष्ण होते हा समजही तसाच. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारनं आपले वैमानिक गाजर खाऊन अंधारात शत्रूची विमानं टिपतात असा प्रचार केला होता, खरं श्रेय रडारचं होतं. तो प्रचार अजून घराघरांत टिकून आहे.

आता त्या दोनशेकडे येऊ. तुमचा भागाकार बरोबर आहे, फक्त दोनशे ही ‘पट’ नाही, ते ‘दिवस’ आहेत. एक युनिट म्हणजे 0.3 मायक्रोग्रॅम रेटिनॉल, म्हणजे व्हिटॅमिन एचं तयार रूप. बाटलीवरचे 1,000 युनिट म्हणजे 300 मायक्रोग्रॅम, आणि एक ते तीन वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज साधारण तेवढीच धरतात. दोन लाख युनिट म्हणजे 60,000 मायक्रोग्रॅम, म्हणजेच 60 मिलिग्रॅम. तीनशेनं भागा, दोनशे दिवस आले. कागदावर हा साडेसहा महिन्यांचा शिधा झाला. प्रत्यक्षात सगळा साठत नाही, त्यातला बराच भाग पहिल्या काही दिवसांतच निसटून जातो. म्हणून पुढचा डोस चार ते सहा महिन्यांनी देतात.

एवढं एकदम देता येतं ते यकृतामुळे. व्हिटॅमिन सी पाण्यात विरघळतं, जास्त झालं की लघवीवाटे निघून जातं, त्याचा असा साठा करता येत नाही. व्हिटॅमिन ए चरबीत विरघळतं आणि शरीरातल्या एकूण साठ्यापैकी बहुतेक यकृतात, तिथल्या खास पेशींमध्ये जाऊन बसतं. रक्ताला लागेल तसं यकृत ते एका प्रथिनाच्या पाठीवर बसवून बाहेर पाठवतं. कोठारातून रोज मापटंभर धान्य काढावं तसं. कोठार भरलेलं असो की तळाला आलेलं असो, बाहेर पडणारं माप बराच काळ सारखंच राहतं. त्यामुळे ‘आधी रक्त तपासू, मग डोस देऊ’ असं एकट्या मुलाच्या बाबतीत आम्ही सहसा म्हणत नाही. रक्तातलं रेटिनॉल घसरतं तोवर यकृत जवळजवळ रिकामं झालेलं असतं. उलट साधा ताप आला तरी ते वाहून नेणारं प्रथिन कमी होतं आणि साठा बरा असूनही आकडा खाली दिसतो.

माझ्या बोलण्याचा गाभा इथेच आहे. हा डोस टॉनिक नाही, ही साठवण आहे. टॉनिक म्हटलं की ‘माझ्या मुलीला गरज आहे का, तिची तब्येत तर छान आहे’ असा प्रश्न येतो. साठवण म्हटलं की प्रश्न बदलतो: ती राहते त्या भागातल्या मुलांची कोठारं साधारणपणे भरलेली असतात की रिकामी? जागतिक आरोग्य संघटनेची 2011 ची शिफारस याच धर्तीवर आहे. सहा ते एकोणसाठ महिन्यांच्या मुलांना डोस द्यावा, पण सरसकट जगभर नाही. जिथे दोन ते पाच वर्षांच्या मुलांमध्ये रातांधळेपणा 1 टक्का किंवा त्याहून जास्त आहे, किंवा सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत 20 टक्के किंवा त्याहून अधिक मुलांचं रक्तातलं रेटिनॉल लिटरमागे 0.70 मायक्रोमोल किंवा त्याहून कमी आहे, तिथे. सहा ते अकरा महिन्यांत एकदा एक लाख युनिट, वर्षानंतर दर चार ते सहा महिन्यांनी दोन लाख. पाच वर्षं पुरी झाली की बंद.

रिकाम्या कोठाराचं काय होतं, ते एकदा पाहिलं की विसरता येत नाही. शिकत असतानाची गोष्ट आहे. तीन वर्षांचा मुलगा जुलाबांसाठी आणला होता. बोलता बोलता आई म्हणाली, ‘दिवसभर धावतो, पण दिवेलागण झाली की एका जागी बसून राहतो. जेवायला बोलावलं तर येत नाही, ताट समोर ठेवलं तर हात भलतीकडेच जातो. हट्टीपणा करतो म्हणून परवा दोन धपाटे घातले.’ आमच्या वरिष्ठांनी जुलाबांचं विचारणं तिथेच थांबवलं, मुलाला खिडकीकडे वळवलं आणि त्याचा डोळा दाखवला. पांढऱ्या भागावर, बुबुळाच्या बाहेरच्या अंगाला, साबणाचा फेस वाळून चिकटावा तसा करडा-पांढरा तिकोनी डाग होता. पाण्यानं जात नव्हता. त्याला बिटॉटचा ठिपका म्हणतात, 1863 मध्ये त्याचं वर्णन करणाऱ्या फ्रेंच डॉक्टरच्या नावावरून. मुलाला डोस दिला, दुसऱ्या दिवशी पुन्हा दिला. तिसऱ्या संध्याकाळी तो आपणहून ताटाजवळ आला. आई रडत होती. बरा झाला म्हणून नव्हे, धपाट्यांसाठी.

असा रातांधळेपणा एक-दोन दिवसांत मागे फिरतो, कारण बिघाड यंत्रात नसतो, तेल संपलेलं असतं. अंधुक उजेडात पाहणाऱ्या दृष्टिपटलाच्या पेशींना ऱ्होडॉप्सिन नावाचं रंगद्रव्य लागतं आणि ते व्हिटॅमिन एच्या एका रूपापासून बनतं. या शोधासाठी जॉर्ज वॉल्ड यांना 1967 चं नोबेल मिळालं. रातांधळेपणाचे आनुवंशिक प्रकारही असतात, ते डोसनं सुधारत नाहीत. बिटॉटचा ठिपका मात्र रेंगाळतो, मोठ्या मुलांत तर साठा भरून निघाल्यावरही दिसत राहतो. याच्या पुढची पायरी भयानक आहे. डोळ्याचा पारदर्शक पडदा कोरडा पडतो, त्याला जखम होते आणि तो अक्षरशः विरघळतो. कधी कधी एका दिवसात. तिथून दृष्टी परत येत नाही. त्यामुळे डोळ्यात अशी काही खूण दिसली की पुढच्या फेरीची वाट पाहायची नसते. त्याच दिवशी डोस, दुसऱ्या दिवशी दुसरा आणि किमान दोन आठवड्यांनी तिसरा.

पण नुसत्या डोळ्यांसाठी एवढा खटाटोप जगानं केला नसता. आल्फ्रेड सोमर हे नेत्रतज्ज्ञ इंडोनेशियात मुलांच्या डोळ्यांचा अभ्यास करत होते. 1983 मध्ये त्यांनी छापलेले आकडे विचित्र होते. ज्या मुलांमध्ये फक्त सौम्य खुणा होत्या, रातांधळेपणा किंवा एखादा ठिपका, ती मुलं इतरांच्या सरासरी चौपट प्रमाणात मरत होती. आंधळी होत होती असं नाही, मरत होती. जुलाबांनी, छातीच्या आजारांनी. व्हिटॅमिन ए फक्त दृष्टीचं काम करत नाही. आतडं, श्वासनलिका, मूत्रमार्ग यांच्या आतल्या अस्तराला ओलं आणि सलग ठेवण्याचं कामही त्याचंच. ते संपलं की चिकट स्राव बनवणाऱ्या पेशी कमी होतात, अस्तर कातडीसारखं कोरडं होतं आणि जंतूंना मोकळं रान मिळतं. आणि प्रत्येक आजारपणात उरलासुरला साठा आणखी खर्च होतो.

सोमर यांनी मग सुमात्राच्या उत्तर टोकाला, आचेमध्ये, गावांचे दोन गट करून चाचणी केली. 1986 चा निकाल: डोस मिळालेल्या गावांत एक ते पाच वर्षांच्या मुलांचे मृत्यू 34 टक्क्यांनी कमी. लोकांचा विश्वास बसला नाही, आणि ते स्वाभाविकच होतं. वर्षातून दोन कॅप्सूलनी एवढं होईल? पुढे बऱ्याच ठिकाणी चाचण्या झाल्या. तमिळनाडूत मोठ्या डोसऐवजी दर आठवड्याला छोटा डोस दिला, मृत्यू 54 टक्क्यांनी घटले. नेपाळमध्ये सुमारे 30 टक्के, घानामध्ये 19 टक्के. पण हैदराबादजवळच्या आणि सुदानमधल्या चाचण्यांत फरक दिसला नाही. मग उत्तर प्रदेशातली दहा लाख मुलांची प्रचंड चाचणी झाली. तिचा निकाल 2013 मध्ये छापून आला: मृत्यूंत फक्त 4 टक्क्यांची घट, आणि तीही योगायोगानं येऊ शकेल इतकी.

यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. काही म्हणतात, त्या चाचणीत डोस कागदावर पोहोचले तितके मुलांच्या तोंडात गेले का? काही म्हणतात, काळच बदलला. सगळ्या चाचण्या एकत्र मोजणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संशोधक-संस्थेच्या आढाव्यात आधी 24 टक्के घट दिसत होती, ही मोठी चाचणी मिळवल्यावर 2017 मध्ये ती 12 टक्क्यांवर आली. माझं मत दुसऱ्या बाजूला झुकतं. व्हिटॅमिन एच्या अभावानं ज्या गोवरात आणि जुलाबात मुलं जात, त्या गोवराची लस आता बहुतेकांना मिळते आणि जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी मिळतं. वाचवायला तितके मृत्यूच उरले नसतील तर डोसचा प्रभाव कमी दिसणारच. हे डोसचं अपयश नाही. पण आकडा वीस वर्षांपूर्वीचाच आहे असं धरून चालणंही बरोबर नाही. जिथे पाहणीत कमतरता मागे हटलेली दिसते तिथे हा कार्यक्रम आवरता घ्यावा, आणि तेल, साखर, पीठ यांत व्हिटॅमिन ए मिसळण्यासारख्या रोजच्या मार्गांवर जावं. ग्वाटेमालानं साखरेत मिसळायला सुरुवात केली ती 1970 च्या दशकात. आमच्यातल्या काहींना हे बोललेलं आवडत नाही, कारण चालू असलेला कार्यक्रम बंद करणं हे सुरू करण्याहून कठीण असतं.

ओकारीबद्दल. पहिल्या दोन दिवसांत थोड्या मुलांना उलटी होते, डोकं दुखतं, चिडचिड होते. तान्ह्या बाळाची टाळू किंचित फुगलेली दिसू शकते. हे आपोआप जातं. तुमच्या मुलीचं तसंच झालं आणि गेलं, पुढच्या डोसला ती आडकाठी नाही. मूल सुस्त पडलं, ओकाऱ्या थांबेनात, झटका आला किंवा ताप चढत गेला तर मात्र ‘डोसमुळे असेल’ म्हणून घरी बसू नका. बहुतेक वेळा कारण दुसरंच निघतं आणि त्याचे उपचार लांबलेले असतात.

खऱ्या विषबाधेची गोष्ट वेगळी आहे, आणि ती सहसा सहामाही डोसनं होत नाही. ती रोजच्या जास्तीनं होते. कॉड लिव्हर ऑइल चांगलं म्हणून एक चमचा, मल्टिव्हिटॅमिन एक चमचा, डोळ्यांसाठी म्हणून कुणी सुचवलेली तिसरी बाटली. असं महिनोन्‌महिने चाललं की कातडी सोलवटते, केस गळतात, हाडं दुखतात, मेंदूवरचा दाब वाढतो, यकृत सुजतं. एक ते तीन वर्षांसाठी रोजच्या रेटिनॉलची वरची मर्यादा 600 मायक्रोग्रॅम धरतात, म्हणजे 2,000 युनिट. ती मर्यादा रोज घेण्याची आहे, वर्षातून दोनदा दिलेल्या डोसला ती लावायची नसते. तुमच्या बाटलीतून तिची दिवसाची गरज आधीच भागते. त्यामुळे ती बाटली खरंच रोज चालू असेल तर पुढच्या डोसआधी डॉक्टरांना दाखवा. दोन्ही चालू ठेवण्यात फायदा नाही, घाबरण्यासारखंही काही झालेलं नाही. बाटली आठवड्यातून एखादेवेळी आठवत असेल (बहुतेक घरांत असंच असतं) तर हिशेबात धरू नका.

खरी चूक मापात होते. अशा सिरपात साधारणपणे 1 मिलीत 1 लाख युनिट असतात आणि बाटलीसोबत 2 मिलीचा चमचा येतो, मध्यावर खूण असलेला. तो हरवला आणि कुणी स्वयंपाकघरातला 5 मिलीचा चमचा भरला, तर एका घोटात पाच लाख. त्यामुळे मी पाजणाऱ्याच्या हातात आधी चमचा पाहतो, औषध नंतर. कॅप्सूल असेल तर रंग पाहा. आंतरराष्ट्रीय पुरवठ्यात निळी एक लाखाची, लाल दोन लाखांची. ती मुलाला गिळायला द्यायची नसते, घशात अडकते. टोक कात्रीनं कापून आतले थेंब तोंडात पिळायचे. रडणाऱ्या मुलाचं नाक दाबून तर मुळीच नाही, औषध श्वासनलिकेत जातं. बाटली गडद रंगाची असते, कारण उजेड आणि हवा लागली की व्हिटॅमिन ए मरतं. महिनोन्‌महिने उघडी राहिलेली बाटली दिसली तर बेधडक विचारा, कधी उघडली?

गाजर रोज खाते हे उत्तम आहे. पण गाजरात व्हिटॅमिन ए नसतं. असतं बीटा कॅरोटीन, त्यातून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं, आणि या सौद्यात घट भरपूर आहे. जेवणातल्या 12 मायक्रोग्रॅम बीटा कॅरोटीनमधून जेमतेम 1 मायक्रोग्रॅम रेटिनॉल पदरात पडतं. तरी गाजर इतकं श्रीमंत आहे की कागदावर 50 ग्रॅममध्ये दिवसाची गरज सहज भागते. पण कागदावरच. अडीच वर्षांचं मूल कच्च्या गाजराचे तुकडे कुरतडतं आणि दुसऱ्या दिवशी तेच केशरी तुकडे शीमध्ये दिसतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. शिजवून, कुस्करून, चमचाभर तेल-तुपाबरोबर दिलं तर खूपच जास्त अंगी लागतं. पालेभाज्या, आंबा, पपई यांनाही हाच नियम. अंडं, दूध, यकृत यांत मात्र तयार रेटिनॉल असतं. वारंवार जुलाब किंवा जंत असतील तर खाल्लेलं पुरतं शोषलं जात नाही. गाजरानं विषबाधा होत नाही, फार झालं तर तळहात पिवळे होतात. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच असेल तर ती कावीळ नव्हे.

म्हणजे गाजर, दूध, अंडं नियमित खाणाऱ्या, क्वचितच आजारी पडणाऱ्या मुलीला या डोसचा किती फायदा? खरं सांगायचं तर फार थोडा. तोटाही जवळजवळ नाही. जिथे प्रत्येक मुलाचं यकृत उघडून पाहता येत नाही तिथे सगळ्यांना देणं हाच व्यवहार्य मार्ग ठरतो, आणि ज्याला गरज नव्हती त्याचंही त्यात काही बिघडत नाही. मी माझ्या मुलांना दिले होते, तीही सगळं खाणारी होती.

गोवर आला तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवायचा. गोवर साठा भराभर संपवतो आणि डोळ्यावर घाव घालतो. तेव्हा आधीचा डोस कधी झाला हे न पाहता लागोपाठ दोन दिवस दोन डोस देतात, सहा महिन्यांखालच्या बाळालासुद्धा, 50,000 युनिटच्या मापानं. हा प्रतिबंध नाही, उपचार आहे, म्हणून तो घरच्या बाटलीतून करायचा नाही. अतितीव्र कुपोषणातल्या मुलांचा आणि चरबी न पचणाऱ्या आजारांचा हिशेबही वेगळा असतो, तो त्यांचे डॉक्टर मांडतील.

आता धाकट्याबद्दल. त्याला दिला नाही, हे बरोबर केलं. जन्मल्याबरोबर आणि एक ते पाच महिन्यांत डोस देऊन पाहण्याच्या मोठ्या चाचण्या आशिया-आफ्रिकेत झाल्या. मृत्यू कमी होतात असा ठाम निष्कर्ष निघाला नाही, टाळू फुगण्याचं प्रमाण मात्र वाढलं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना या वयात प्रतिबंधक डोसची शिफारस करत नाही, आणि बाळंतिणीला मोठा डोस देण्याचीही नाही. बाळ जन्मतं तेव्हा त्याचं कोठार जवळपास रिकामंच असतं, ते भरतं आईच्या दुधातून, त्यातही पहिल्या दिवसांच्या पिवळसर चिकाच्या दुधातून सगळ्यात जास्त. तुम्ही त्याला अंगावर पाजता असं लिहिलंय, तर या दोन महिन्यांत दुसरं काही नको. तुमच्या स्वतःच्या ताटात अंडं, दूध, पालेभाजी येऊ द्या, दुधातलं व्हिटॅमिन ए आईच्या खाण्यावर हलतं. तो सहा महिन्यांचा झाला की त्याचा पहिला डोस एक लाखाचा, चमच्याच्या मधल्या खुणेपर्यंत. ताईचा पुढचा डोस गेल्या आठवड्याच्या तारखेपासून मोजा आणि ती तारीख आजच तिच्या कार्डावर लिहून घ्या.